खिडकी कुठे उघडते ते विचार

कोल्हापूर,
३ ऑगस्ट

प्रिय ताई,


तुझं पत्र परवा मिळालं. भाऊजींनी निवृत्तीनंतर पहिल्यांदा स्वतःहून प्रवासाचं नाव काढलं, आणि तेही पणजीचं, हे वाचून फार बरं वाटलं. ‘किनाऱ्यावरचं हॉटेल नको, जुन्या वस्तीत राहू, पण परवडायला हवं’ हे त्यांचं म्हणणं तर मला पुरतं पटलं. कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी मराठी पुस्तकं चाळायला मी आजवर चार वेळा गेले आणि चारही वेळा फोंतेन्हास या जुन्या वस्तीत उतरले. ग्रंथालय पाट्टोवर, खाडीच्या पलीकडे. सकाळी पूल ओलांडून चालत जायचं, संध्याकाळी चालत परत. म्हणून तू विचारलंस त्यापेक्षा जरा जास्तच लिहिते आहे.

आधी ती वस्ती डोळ्यांसमोर आण. पश्चिमेला आल्तिनोची टेकडी, पूर्वेला ओरें खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत कौलारू घरांच्या गल्ल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीला मोझांबिकहून पैसा मिळवून आलेल्या एका गोवेकराने इथे माड लावले. लोक त्याला ‘मोसमिकार’ म्हणत. पुढे १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली आणि सरकारी कचेऱ्यांतल्या माणसांची घरं इथे उभी राहिली. फोंतेन्हास म्हणजे लहान झरे. दक्षिणेला मळा नावाच्या भागात ‘फोंत फेनिक्स’ हा जुना झरा आजही दाखवतात, आणि तिथूनच वर पाहिलं की टेकडीच्या उतारावर मारुतीचं देऊळ दिसतं. भाऊजी शनिवारी तिथे गेल्याशिवाय राहायचे नाहीत, पण पायऱ्या आहेत, हे लक्षात ठेव.

आता राहण्याचं. ही घरं माणसांनी संसारासाठी बांधली, हॉटेलसाठी नाही. त्यामुळे एका घरात एकसारख्या दोन खोल्या सापडत नाहीत. कुठे पूर्वीचा दिवाणखाना, कुठे आजीची खोली, कुठे धान्य ठेवायची जागा. भाड्यात फरक पडतो तो याच कारणाने, आणि आपल्यासारख्यांना परवडणारी खोलीही याच कारणाने मिळते. मात्र नुसते फोटो पाहून ठरवू नकोस. पहिल्या वेळी मी तसंच केलं होतं. फोटोत नक्षीदार पलंग, लाल फरशी, भिंतीवर निळ्या फुलांच्या टाइल्स. सगळं होतं तसंच मिळालं, फक्त खोलीची एकुलती एक खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडत होती. हातभर अंतरावर भिंत. तीन दिवस मी फोंतेन्हासमध्ये होते, पण खोलीत असताना कुठल्याही गावात असल्यासारखी होते. तेव्हापासून मी फोन करते आणि पहिला प्रश्न विचारते तो खिडकीचाच.

तीन तऱ्हेच्या खिडक्या असतात बघ. खाडीकडची खोली फोटोत सुरेख दिसते. पहाटेचा उजेड थेट आत येतो, पाण्यावर बगळे असतात. पण त्याच बाजूने वाहता रस्ता जातो, ओहोटीला चिखलाचा वास येतो आणि तिन्हीसांजेला डास. जाळी आणि पंखा चांगला असेल तरच घे. टेकडीकडची खोली शांत नि स्वस्त, पण ऊन तिथे लवकर सरतं आणि पावसाळ्यात भिंतींना ओल धरते. भाऊजींच्या दम्याला ती नको. राहिली गल्लीकडची. तिला थोडे जास्त पैसे पडले तरी तीच घे. सकाळी सहा-साडेसहाला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो, वरच्या मजल्यावरची कुणी हाक मारते, पाव आणि पोई पिशवीत पडतात. समोरच्या घरात रेडिओ लागतो. कोकणी, मराठी, मधूनच एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडी पोर्तुगीज. जुन्या वस्तीत राहायचं ते हे ऐकण्यासाठी, ताई. दिवसा फिरायला येणाऱ्यांना रंगीत भिंती दिसतात. हे आवाज रात्री मुक्काम करणाऱ्यालाच मिळतात.

दुसरा प्रश्न जिन्याचा. जुने लाकडी जिने उभे असतात, पायऱ्या अरुंद. तुझ्या गुडघ्यांसाठी तळमजला बरा असं वाटेल, पण मळ्याकडचा भाग सखल, जोराच्या पावसात पाणी तुंबतं. पावसाळा सरल्यावर जाणार असाल तर तळमजला खुशाल घ्या. नाहीतर पहिला मजला आणि जिन्याला धरायला कठडा आहे का, ते स्पष्ट विचार. वरच्या मजल्यावर लाकडी तक्तपोशी असते, माणूस चालला की खाली ऐकू येतं. मला ते आवडतं, भाऊजींची झोप सावध आहे म्हणून सांगून ठेवते.

नावाजलेलं ठिकाण हवं असेल तर ‘पंजिम इन’ आहे, एकोणिसाव्या शतकातलं घर. त्याच मालकांनी समोरचं अंगणाचं हिंदू घर आणि एक जुनी शाळाही अशीच राहण्याजोगी केली आहे. जुन्या घराचं काय करता येतं, हे बघायला तरी तिथे डोकावून या. सणासुदीत मात्र भाडं आपल्या हिशोबाबाहेर जाईल. मी ज्या घरी उतरते ते अगदी लहान, चारच खोल्या. मालकीणबाई सत्तरीच्या, वरच राहतात. गेल्या खेपेला पावसाळ्याच्या अखेरीला रात्रीचे दोन हजार पडले, न्याहारी सोडून. न्याहारी सोडूनच घे. दहा-पंधरा मिनिटं चाललं की कॅफे भोसले आणि कॅफे ताटो. पातळ भाजी आणि पाव, वर मिरची भजी. हॉटेलातल्या टोस्ट-आम्लेटसाठी वेगळे पैसे कशाला?

त्या मालकीणबाईंशी एका संध्याकाळी बोलत बसले होते. पाऊस कौलांवर कोसळत होता आणि त्या मोजत होत्या, कुठे कुठे गळतंय ते. दोघी मुली परदेशी. घर चिऱ्याचं, चुन्याच्या गिलाव्याचं. त्याला सिमेंट लावलं की आतली ओल कोंडते आणि गिलावा सुटून पडतो, म्हणून चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो. मंगळुरी कौलं उतरवून वासे तपासायचे, वाळवी लागलेले बदलायचे, पुन्हा शाकारायचं. पोर्तुगीज काळात दर पावसाळ्यानंतर घर रंगवलंच पाहिजे असा दंडक होता, आणि शुभ्र पांढरा रंग चर्चसाठी राखलेला. म्हणून ही पिवळी, निळी, शेंदरी घरं. दंडक गेला, रंगाचा खर्च राहिला. चार खोल्यांच्या भाड्यावर त्यांचं छप्पर टिकून आहे. हे ऐकल्यापासून मी तिथे भाड्यावरून घासाघीस करत नाही. तूही करू नकोस. जास्त रात्री राहणार असलो तर काही कमी होईल का, एवढंच विचार. त्या आपणहून करतात.

आणखी एक मनापासून सांगते. गल्लीत ठिकठिकाणी पाट्या दिसतील, फोटो काढू नका म्हणून. लोक दुसऱ्याच्या पायरीवर चढून, दाराला टेकून फोटो काढतात. आत कुणी आजारी असतं, कुणी प्रार्थना करत असतं. तुम्ही तिथे चार रात्री राहणार, म्हणजे तेवढ्यापुरते शेजारीच. दुसऱ्या दिवशीपासून समोरच्यांना ‘देव बरो दीस दिवूं’ म्हणायला लाग, बघ कशी दारं बोलकी होतात. सेंट सेबास्तियनचं चॅपेलही मला असंच एका शेजारणीने उघडं असताना दाखवलं. आतला क्रूस जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मचौकशीच्या न्यायालयाच्या, वाड्यातून आलेला. त्यावरच्या ख्रिस्ताची मान ताठ आणि डोळे उघडे आहेत. कितीतरी वेळ मी तिथून हलले नाही. ज्या दालनात माणसांची चौकशी केली जाई, तिथे हे डोळे होते.

कधी जायचं? नोव्हेंबरात चित्रपट महोत्सव, डिसेंबरात सगळं जग गोव्यात. भाडी तेव्हा दुप्पट होतात. गणेश चवथीत जाऊ नका, दुकानं बंद आणि माणसं आपापल्या गावी. दिवाळीच्या आदल्या रात्री चौकाचौकांत नरकासुर उभे राहतात, पहाटेपर्यंत ढणढणाट असतो आणि मग त्यांचं दहन. पाहण्यासारखं आहे, पण त्या रात्री झोपेची आशा नको. मला विचारशील तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. पाऊस सरत आलेला, टेकडी हिरवी, आणि नशीब असेल तर एखाद्या घराला शिडी लावून रंगारी नवा रंग देत असेल.

रेल्वेने आलात तर करमळीला उतरा, पणजी तिथून दहा-बारा किलोमीटर. काही गल्ल्यांत गाडी दारापर्यंत जात नाही, तेव्हा चाकांची एक आणि हातातली एक, एवढ्याच पिशव्या घ्या.

तारखा नक्की झाल्या की लगेच कळव. मालकीणबाईंना मीच फोन करते. गल्लीकडची, पहिल्या मजल्यावरची, बाहेर छोटा सज्जा आहे ती खोली मागते. तिथल्या खुर्चीचा एक हात सुटलेला होता, तो बसवला का तेही विचारते, भाऊजी तिथेच बसणार आहेत.

तुझी,
धाकटी