साष्टीचा चैत्र (लेखांक दुसरा): जुहूची ओहोटी, भांडुपची भरती

शनिवार, २९ मार्च. फाल्गुन अमावास्या. जुहू.

भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे. तिथीला पाऊणने गुणायचे, येईल तितक्या वाजता भरती. आज अमावास्या, म्हणजे पंधरा पाऊण सव्वाअकरा. पुढेमागे अर्धा-पाऊण तास धरला की दुपारच्या सुमारास पाणी भरणार आणि पहाटे सहाच्या आसपास वाळू लांबवर उघडी पडणार. पाणपक्ष्यांचे फोटो काढायची हौस असेल त्याने महागड्या लेन्सच्या आधी ही पाऊणकी पाठ करावी, असे माझे ठाम मत आहे.

भाची सोबत होती. सांताक्रूझ पश्चिमेहून जुहू तारा रस्त्याने चालत आलो तेव्हा दिवे अजून जळत होते. या किनाऱ्याला सकाळी एक मोठा फायदा असतो. सूर्य पाठीशी उगवतो आणि समुद्राकडे तोंड करून बसले की उजेड थेट पक्ष्याच्या डोळ्यावर पडतो. मागच्या इमारतींमुळे तो थोडा उशिरा पोहोचतो, इतकेच.

ओल्या वाळूवर कुरवांचा मोठा थवा बसला होता. डिसेंबरात हेच पक्षी पाहिले तर डोके पांढरे आणि डोळ्यामागे एक मळकट ठिपका, एवढेच दिसते. आता अर्ध्याअधिक कुरवांची डोकी गर्द तपकिरी झाली आहेत. काहींचा बदल अपुरा आहे, कपाळ पांढरे आणि मान तपकिरी. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या तलावांकाठी वीण घालतो आणि तिकडे निघण्याची तयारी तो जुहूच्या वाळूवर करतो. मुंबईत वसंत कुठे दिसतो, असे विचारणाऱ्याला मी आधी हे डोके दाखवीन.

चिखल्यांचेही तसेच. हिवाळाभर मातकट दिसणारा हा छोटा पक्षी, आज त्याच्या छातीवर विटकरी पट्टा उमटला होता. वाळूवर पालथे पडून कॅमेरा जमिनीलगत धरला तरच त्याचा खरा फोटो येतो. उभ्याने काढला तर वाळूच जास्त येते. पुढे सरकायचे तेही थांबत थांबत. त्याने पळायचे थांबवून मान वर केली की आपणही थांबायचे. तो पुन्हा चोच मारू लागला की मग पुढची हातभर वाळू.

कुरवांना फरसाण-गाठ्या फेकून त्यांना उडवणारे लोक किनाऱ्यावर दिसतात. उडते फोटो त्यामुळे सहज मिळतात, पण मला ते काढवत नाहीत. हजारो किलोमीटरच्या वाटेवर निघालेल्या पक्ष्याच्या पोटात तळलेले बेसन घालणे योग्य नव्हे.

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा. घरी.

कॅमेरा उचलला तो गुढी उतरवल्यावरच. गुढीसाठी कडुनिंबाची डहाळी आणायला आवारातल्या झाडाखाली गेले होते तेव्हा मोहराचा मंद गोड वास आला आणि वर शिंजीर दिसला. जांभळ्या पाठीचा नर, अंगठ्याएवढा. एका जागी दोन सेकंदही टिकत नाही. त्याच्यामागे लेन्स फिरवण्यात अर्थ नसतो. फुललेला एक झुबका निवडायचा, त्यावर फोकस लावून ठेवायचा आणि वाट पाहायची. फिरून फिरून तो तिथे येतोच.

कोकीळ पहाटेपासून ओरडतो आहे. समोरच्या पर्जन्यवृक्षावर कावळ्याचे घरटे आकार घेते आहे, आणि नर कोकीळ मुद्दाम त्याच झाडावर बसून कावळ्यांना डिवचतो आहे. कावळे त्याच्यामागे धावले की मादीला घरट्याकडे वाट मिळते. तो डाव आज काही साधला नाही. श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर मीही बाल्कनीत फार वेळ बसले नाही.

सोमवार, ३१ मार्च. ईद. कलिना.

सुट्टीमुळे रस्ते मोकळे. वाकोल्याहून कलिन्याकडे चालत गेलो. पिंपळांना तांबूस कोवळी पाने आली आहेत. सूर्य समोर घेऊन, पानाआडून उजेड येईल असा फोटो काढला तर प्रत्येक शीर दिसते. पिंपळाची फळे पिकल्याने त्यावर भोरड्यांचा गोंगाट चालला होता. गुलाबी अंग, काळे डोके. एप्रिल सरता सरता या पाहुण्या मध्य आशियाकडे निघून जातील.

सलीम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी १९३०च्या दशकात मुंबई आणि साष्टी बेटांवरच्या पक्ष्यांची सविस्तर यादी ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’च्या नियतकालिकात लिहिली. हे उपनगर तेव्हा गावठाणे, भातखाचरे आणि ताडमाडांचे होते. खाचरे गेली, तरी पिंपळ-उंबर उभे आहेत तिथे पक्षी अजून येतात. भाचीने आज डोक्यावरून जाणारा राखी धनेश पाहिला आणि भर रस्त्यात ओरडली, “मावशी, वर बघ!” फोटो मिळाला नाही, पण तिला तो ओळखता आला हे मला अधिक मोलाचे वाटले.

नऊनंतर फोटो काढणे सोडून दिले. वसंत म्हणावा तो इथे भरदुपारी टिकत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेने १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश सेल्सियस तापमान नोंदवलेले आहे. आज तितके नव्हते, पण डांबरावरची हवा हलायला लागली की लांबच्या लेन्समधून काहीच धारदार येत नाही.

मंगळवार, १ एप्रिल. बोरिवली.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, म्हणून आज. सांताक्रूझला जलद गाडी थांबत नाही. धिम्या गाडीने अंधेरी, तिथून जलदने बोरिवली. सकाळी उत्तरेकडच्या डब्यात बसायला जागा मिळते, ही या छंदातली एक सुखाची गोष्ट.

आज सगळा वेळ एका कौशीच्या झाडाला दिला. कौशी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पाने पूर्ण गळालेली, राखाडी फांद्या, आणि त्या फांद्यांवर बोटाच्या पेराएवढी शेंदरी-केशरी नळकांडी फुले, घोसाघोसाने. पळस आणि पांगारा उतरणीला लागले की जंगलातला मधाचा धंदा कौशीकडे येतो. झाड सहसा डोंगरउतारावर असते, त्यामुळे वरच्या वाटेवर उभे राहिले तर शेंडा डोळ्याच्या पातळीत मिळतो. इतर झाडांखाली उभे राहून पक्ष्यांच्या पोटाचेच फोटो काढावे लागतात.

आधी शिंजीर आले. मग हरेवा, पानासारखाच हिरवा. पण निष्पर्ण कौशीवर त्याला लपायला पान नव्हते. मग कोतवाल. कोतवालाचा काळा रंग आणि मागे पांढुरके आकाश, हे हौशी छायाचित्रकाराला नेहमी फसवणारे गणित. कॅमेरा आकाश मोजतो आणि पक्षी कोळशाचा तुकडा होतो. अशा वेळी एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवायचे, आकाश पांढरे झाले तरी चालेल. मग त्या काळ्यात निळसर झाक दिसते, डोळ्यातली लाली दिसते. भाचीला हे सांगितले आणि पुढचा तासभर ती कोतवालच काढत होती. तिचा एक फोटो माझ्या सगळ्यांपेक्षा चांगला आला आहे. चोच फुलात, कपाळावर परागाची पिवळी पूड.

कुसुंबाची पालवी लालभडक. नवखा माणूस ती फुलेच समजतो. बांबूच्या बेटातून हळद्याची शीळ येत होती, पण तो बाहेर आला नाही.

वाटेत एक गृहस्थ मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून उभे होते. मी त्यांच्याशी शांतपणे बोलले. वीण सुरू असताना नर हा आवाज ऐकून प्रतिस्पर्धी आला असे समजतो, घरटे आणि चारा सोडून धावून येतो, आणि हे दिवसभर वेगवेगळ्या लोकांनी केले तर पिल्ले उपाशी राहतात. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. पहिल्या पावसाच्या आधी, मे सरता सरता नवरंग येईल तेव्हा हा प्रकार फार वाढतो. शंभराहून थोड्या जास्त चौरस किलोमीटरच्या या जंगलाला बहुतेक सर्व बाजूंनी शहर भिडलेले आहे. दचकलेला पक्षी इथून दुसरीकडे जाईल म्हणावे, तर दुसरीकडे जागाच नाही.

बुधवार, २ एप्रिल. चैत्र शुद्ध पंचमी. भांडुप.

पाच पाऊण पावणेचार. याच हिशेबासाठी भांडुप आजवर राखून ठेवले होते. ठाण्याच्या खाडीचा हा पश्चिम काठ. सकाळी आलात तर सूर्य समोर असतो आणि रोहित पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात. उतरत्या दुपारी ऊन आपल्या पाठीकडून पडते, आणि त्याच वेळी भरती असेल तर पाणी पक्ष्यांना दूरच्या चिखलावरून काठाकडे ढकलते. उजेड आणि पाणी दोन्ही अनुकूल असे दिवस पंधरवड्यात थोडेच येतात.

२०१४मध्ये खुल्या झालेल्या सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने कुर्ला गाठले, पुढे रेल्वेने. विक्रोळीला द्रुतगती महामार्गाकडेच्या टबेबुयांचा गुलाबी बहर ओसरला आहे. त्या झाडांना गर्दी होते ती फोटोंसाठी, आणि फोटो सुंदर येतात हे खरे. पण अमेरिका खंडातून आलेल्या त्या झाडापेक्षा पक्ष्यांची खरी वर्दळ मला नेहमी पांगाऱ्यावर आणि सावरीवर दिसली आहे. लावायचे झाड निवडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

उदंचन केंद्राकडच्या रस्त्याला खारफुटी दोन्ही बाजूंनी दाट आहे. पावणेचार वाजून गेले आणि खाडीच्या कडेचा गुलाबी पट्टा जवळ येऊ लागला. बहुतेक छोटे रोहित, गर्द तांबडी चोच. मध्येच उंच, फिकट मोठे रोहित. मान उलटी करून चोचीने चिखलपाणी गाळत चालले होते. पाण्यातल्या शेवाळाने आणि सूक्ष्म जीवांनी त्यांना हा रंग येतो. हिवाळ्यात येतात, मेच्या अखेरीपर्यंत थांबतात. काही हंगामांत मुंबई परिसरातली त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेल्याची नोंद आहे. २०१५मध्ये खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

थवा उठला तेव्हा पंखांखालचा लाल-काळा रंग एकदम उघडला. शटर दोन हजारांशावर ठेवले होते, तरी मी पहिले काही क्षण फक्त पाहिले.

दक्षिणेला घाटकोपरच्या बाजूने एकामागून एक विमाने सांताक्रूझच्या धावपट्टीकडे उतरत होती. २० मे २०२४च्या रात्री घाटकोपरलाच विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले. वस्तीत, रस्त्यावर, घरांच्या आसपास पडले होते. भाचीने विचारले, “मावशी, यांना वाट दाखवणारं कुणी नाही का?” पाणथळ जागा बुजू लागल्या, रात्रीचे दिवे वाढले, की थव्यांच्या नेहमीच्या वाटा बदलतात, असे मी तिला सांगितले. ठाणे खाडी आणि पलीकडच्या नवी मुंबईच्या पाणथळी या दोन्ही मिळून त्यांचे एकच घर आहे. भरतीला खाडीत उभे राहायला जागा उरत नाही तेव्हा ते त्या पाणथळींवर जातात. त्यातली एक बुजवून दुसरीचे रक्षण होत नाही.

गुरुवार, ३ एप्रिल. सांताक्रूझ पूर्व.

आज कुठे जायचे नव्हते. सकाळी शेजारच्या सोसायटीतल्या काकांनी बोलावले. “तुमचा तो टुकटुक पक्षी आमच्याकडे राहायला आलाय, या बघायला.”

तांबट. मुंबईचा पक्षी म्हणून तो ओळखला जातो. कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा, चिमणीएवढा देह. मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतो, आणि ओरडताना मान इकडेतिकडे फिरवतो म्हणून तो नेमका कुठे बसला आहे हे कळत नाही. काकांना मात्र कळले होते. पर्जन्यवृक्षाच्या एका वाळक्या फांदीला खालच्या अंगाने रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे, अगदी गोल भोक. नर आत शिरून भुसा चोचीत घेऊन बाहेर येत होता आणि झटकून टाकत होता. मी लांबून, जिन्याच्या खिडकीतून, मोजकेच फोटो घेतले. घरट्याजवळ फ्लॅश वापरत नाही, आणि घरट्याचा पत्ता फोटोसोबत कुणाला देत नाही.

दहाच्या सुमारास छाटणीवाले आले. पावसाळ्यापूर्वीची छाटणी. यादीत पहिली होती तीच वाळकी फांदी. काका पुढे झाले. “दादा, ही एवढी राहू द्या. आत घरटं आहे.” मुकादमाने दुर्बिणीतून स्वतः पाहिले, मग म्हणाला, “बाहेरचा शेंडा रस्त्यावर येतोय तेवढा घेतो. भोकापासचा भाग राहू दे.” फांदी निम्मी कापली. माणसे गेल्यावर नर परत आला आणि पुन्हा आत शिरला.

तांबट, पोपट, सुतार, पिंगळा, दयाळ हे सगळे झाडांच्या ढोलीत वीण घालतात, आणि तांबटाला कोरायला मऊ, मेलेले लाकूडच लागते. शहरात ते नेमके धोकादायक म्हणून सर्वांत आधी कापले जाते, आणि कापण्याचा हंगाम व पिल्लांचा हंगाम एकच. धोकादायक फांदी कापावीच लागते, माणसांचा जीव महत्त्वाचा. पण प्रत्येक वाळकी फांदी रस्त्यावर झुकलेली नसते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणे हा शिकारीचाच प्रकार मानला आहे, आणि झाडाच्या छाटणीला १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. म्हणून माझ्या वाचकांना विनंती आहे. आपल्या सोसायटीत छाटणीवाले येण्याआधी एक सकाळ झाडांखाली उभे राहा, वाळक्या फांद्यांची खालची बाजू पाहा. गोल भोक दिसले आणि त्यात ये-जा असेल, तर मुकादमाला ती जागा दाखवा आणि तेवढा तुकडा जूनपर्यंत झाडावर राहू द्या.