आपला कांदा, दुसऱ्याचं तेल

मेसमधल्या ताटातून कांदा गायब झाला की आमच्या होस्टेलवर सरकारच्या नावानं शिमगा सुरू होतो. निफाडकडचा माझा रूममेट मात्र तेव्हा गप्प असतो. कारण तेव्हाच कुठे त्याच्या घरी चार पैसे आलेले असतात!

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद. नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले, चांदवडला रास्ता रोको झाला. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही शुल्काचं लोढणं गळ्यात ठेवूनच. ते पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर बाहेरचं गिऱ्हाईक थोडंच थांबतंय!

सरकार असं का करतं? १९९८ साली दिल्लीत महागड्या कांद्यानं सत्ता घालवली, ती धास्ती अजून आहे. शहरात भाव रोज दिसतो, बातमी होते. शेतकऱ्याचा न मिळालेला भाव दिसत नाही. जे घडलंच नाही त्याचा फोटो कसा काढणार? अर्थात २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, तेव्हा तोही थोडा दिसला म्हणायचा.

पण गंमत पुढेच आहे. शेजारच्या खोलीतला लातूरचा पोरगा म्हणतो, बाहेरचं तेल आधी बंद करा, सोयाबीन मातीमोल झालंय. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क अधिभार धरून ५.५ वरून २७.५ टक्के झालं, तेव्हा तो खूष. आमच्या निफाडकरानंही मान डोलावली! म्हणजे आपला माल जाताना दार उघडं, दुसऱ्याचा येताना कडी. त्याला दोष कसा देणार? पडलेल्या भावानं एकाच घराचं वर्ष जातं. तेल स्वस्त झालं तर आपले महिन्याला थोडेफार वाचतात, आणि तेवढ्यासाठी मोर्चा कोण काढतो? आपण तर मेसच्या मीटिंगलाही जात नाही.

दोन्ही दारं उघडा म्हणणारे शरद जोशी. १९८० साली चाकणला त्यांनी कांद्यासाठी रस्ता अडवला तेव्हा गर्दी लोटली. पुढे बाकी नेते डंकेल प्रस्तावाविरुद्ध ओरडत होते, तेव्हा हा माणूस त्याच्या बाजूनं उभा राहिला. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. सभांना माणसं यायची, मतपेटीत मात्र ती फारशी उतरली नाहीत.

असो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं, त्या रात्री आमची कॉम्प्युटरची विंग दोन वाजेपर्यंत जागी होती. "हा सरळ अन्याय आहे," असा ठराव जवळजवळ झालाच होता. तेवढ्यात निफाडकरानं पांघरुणातूनच विचारलं, "तिकडं ज्याची नोकरी जाते, त्याला काय सांगणार रे तुम्ही?"