गाडीने हवा घेतली होती

डिसेंबरातली सकाळ होती. फजरची नमाज पढून आम्ही दोघे भाऊ घरी आलो, तेव्हा अमडापुरात अजून अंधारच होता. अब्बांना डायलिसिससाठी बुलढाण्याला न्यायचे होते. आठवड्यातून दोनदा आमची ही धावपळ असते. नंबर आठ वाजताचा. अब्बांना आता एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून दारातली जुनी डिझेल सुमो हाच आमचा आधार.

भाईंनी चावी फिरवली. सेल्फ जोरात फिरला, पण इंजिन धरेना. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, पाचव्यांदा तेच. अब्बा शाल गुंडाळून मागच्या सीटवर बसले होते. ते एक शब्दही बोलत नव्हते, त्यामुळे आमचा जीव आणखीच खालीवर होत होता.

अशा वेळी माणूस आधी बिघाड शोधत नाही, दोषी शोधतो. आदल्या संध्याकाळी गाडी पुतण्याने चालवली होती. झाले! टाकी कोरडी केली असशील, कुठले तरी स्वस्तातले डिझेल भरले असशील, असे आम्ही दोघे त्याच्यावर तुटून पडलो. “चाचा, टाकी अर्धी भरलेली आहे,” एवढेच तो म्हणाला. मग मोटारसायकल काढून निघून गेला. “बघा, दोन शब्द बोललो की पळतो,” असेही आम्ही म्हटले.

वीस मिनिटांनी तो परतला, तेव्हा मागे मिस्त्री बसलेले होते. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, डिझेल गाड्यांत आयुष्य गेलेले.

त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी विचारले, “सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. पाहिलाच कोणी होता?

डिझेल इंजिनात पेट्रोल गाडीसारखी ठिणगी नसते. रुडॉल्फ डीझेल यांचे इंजिन 1897 साली यशस्वीपणे चालले, ते याच तत्त्वावर. हवा इतकी दाबायची की ती खूप तापावी, आणि मग त्यात डिझेलचा फवारा सोडायचा. म्हणून सेल्फ नीट फिरत असेल तर प्रश्न दोनच उरतात. डिझेल पोहोचते का? आणि पोहोचले तर पेटण्याइतकी उष्णता आहे का? पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. मग हीटर प्लग आणि त्यांची वायर पाहायची. धूरच नसेल तर डिझेलच पोहोचत नाही.

आमच्या गाडीतून धूर नव्हता. मिस्त्रींनी चावी चालू करून पंपावरच्या सोलेनॉइडला कान दिला. टक्‌ असा आवाज आला, म्हणजे करंट येत होता. मग फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंप दाबायला सुरुवात केली. डिझेलऐवजी फेसच फेस! “गाडीने हवा घेतली आहे,” ते म्हणाले. पंप टाकीतून डिझेल ओढतो. वाटेत केसाएवढी फट असली तरी तिच्यातून हवा आत शिरते, आणि रात्रभर उभ्या गाडीतले डिझेल मागे टाकीत उतरते.

फट कुठे होती? त्यांनी फिल्टरच्या कडेने बोट फिरवले आणि विचारले, “फिल्टर कोणी बदलला?”

आम्हीच बदलला होता. तीन दिवसांपूर्वी, मजुरी वाचवायला. नव्या फिल्टरबरोबर आलेले रबरी वायसर डबीतच राहिले आणि जुनेच, कडक झालेले, आम्ही पुन्हा बसवले. नंतर गाडी ठीक चालली, म्हणून ती गोष्ट आमच्या मनातही आली नाही. पुतण्या तिथेच उभा होता. तो काही बोलला नाही.

नवे वायसर बसवले. बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारला, स्क्रू आवळला, हीटरचा दिवा विझू दिला. दुसऱ्या सेल्फला सुमो धरली. अल्हम्दुलिल्लाह!

जाताना मिस्त्रींनी तीन गोष्टी बजावल्या. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावे, नाहीतर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जातात. हीटर प्लगच्या गाडीत चटकन पेटणारा स्प्रे कधीही मारू नये, इंजिन फुटू शकते. आणि नोजलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये, त्या दाबाने डिझेल कातडीत घुसते.

बुलढाण्याला पोहोचायला दीड तास उशीर झाला. अब्बांना पुढच्या पाळीत खाट मिळाली. गाडी पुतण्यानेच चालवली. चिखली मागे पडल्यावर भाई त्याला म्हणाले, “बेटा, चूक आमची होती. माफ कर.” आम्हीही तेच म्हणालो. तो म्हणाला, “जाऊ द्या ना,” आणि आरशातून अब्बांकडे पाहून हसला. सकाळपासून पहिल्यांदाच अब्बाही हसले.

आता घरात काही हरवले, सांडले, बिघडले आणि कोणी आवाज चढवला, की अम्मी स्वयंपाकघरातूनच विचारतात, “आधी धूर पाहिला का?”