चोवीस तासांची बाई

आयुष्याच्या दोन्ही टोकांना माणसाला परके हात लागतात. बाळाला पायांवर घेऊन तेल चोळणारी, बाळंतिणीला न्हाऊ घालणारी, शेक देणारी बाई पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांत येत आली. तिच्या येण्यात आईचा उणेपणा कुणी पाहिला नाही. मधल्या वर्षांत आपण धडधाकट असतो, तेव्हा या हातांचा विसर पडतो. मग वडिलांना पक्षाघात होतो, आईचा खुबा मोडतो किंवा विस्मरण वाढत जातं, आणि आपण ब्युरोला फोन करून चोवीस तासांची बाई मागतो. या वेळी मात्र मनात अपराधी भावना डोकावते: जन्मदात्यांना परक्याच्या हवाली केलं. मला ही खंत अनाठायी वाटते. खंत करायचीच, तर त्या बाईचे चोवीस तास आपण कसे वापरतो, याची करावी.

हे काम म्हणजे नुसती सोबत नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एकाच जागी भार राहिला की माकडहाड, खुबे, टाचा इथली कातडी आधी लाल होते, मग फुटते, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. नाकातल्या नळीतून अन्न द्यायचं, तर आधी नळी जागेवर आहे ना ते पाहायचं, डोक्याकडची बाजू उंच करायची आणि अन्न गेल्यावरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची. घाई केली तर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांची घालमेल दिवस कलला की वाढते आणि स्वतःच्याच घराच्या दाराशी उभं राहून ते ‘मला घरी जायचंय’ म्हणतात. तेव्हा वाद न घालता त्यांचा हात धरणारं कुणी जवळ लागतं. शिवाय रोज तेच शरीर हाताळणाऱ्या बाईला लघवी कमी झाल्याचं, पायावर सूज आल्याचं लवकर कळतं. महिन्यातून एकदा तपासणाऱ्या डॉक्टरांना ते दिसेलच असं नाही.

आईवडिलांचं मुलांनीच करावं, हा आक्षेप जुना आहे. त्यांच्या चरितार्थाची जबाबदारी २००७च्या कायद्यानेही मुलांवर टाकली आहे, आणि ते योग्यच आहे. पण ‘घरचे करतील’ याचा व्यवहारातला अर्थ बहुतेक वेळा बायको, सून किंवा लेक करील, असा होतो. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातलं सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होतं, आज ते सत्तरीच्या घरात आहे. त्यामुळे शुश्रूषाही आता वर्षानुवर्षं चालते. रात्रीची झोप गेलेली, नोकरी सुटलेली, कंबर धरलेली सून चिडते, आणि ती चीड अखेर रुग्णावरच निघते. अंगपुसणं, डायपर बदलणं शिकलेल्या हातांकडे गेलं की मुलाला वडिलांजवळ निवांत बसता येतं, सुनेसमोर उघडं व्हायचा सासऱ्यांचा संकोचही टळतो. नातं त्याने सैल होत नाही, उलट श्वास घेऊ लागतं. परक्या माणसाच्या भरवशाची भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय आहेत: पोलीस पडताळणी, प्रशिक्षणाची खात्री आणि घरच्यांपैकी एकाचं रोजचं लक्ष. खर्चाचा आक्षेप त्याहून खरा. आरोग्यविम्यातून हा पगार सहसा मिळत नाही, आणि बहुसंख्य कुटुंबांना तो झेपत नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ घरातला न ठेवता सार्वजनिक आरोग्याचा मानायला हवा.

आता त्या बाईच्या घड्याळाकडे पाहू. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा अशी कूस बदलायची, दिवसभर अंघोळ, जेवण, औषधं सांभाळायची, तर ती झोपणार केव्हा? ‘आम्ही तिला घरच्यासारखं ठेवतो,’ असं सांगितलं जातं. ते मनापासून असेलही, पण मायेने झोप भरून निघत नाही आणि तिच्या गावी मागे राहिलेल्या मुलांची फी भरली जात नाही. पेंगुळलेल्या हातून औषधाची वेळ चुकते, उचलताना रुग्ण निसटतो. म्हणजे तिची विश्रांती हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११च्या १८९व्या करारात घरकामगाराला आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती सांगितली आहे. भारताने तो करार अद्याप स्वीकारलेला नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८मध्ये झाला, तरी बंद दाराआडचे कामाचे तास अजून मालक आणि ब्युरो हेच ठरवतात.

कायदा येईल तेव्हा येवो. ज्यांच्या घरी आज अशी बाई आहे, त्यांनी चार गोष्टी लगेच कराव्यात: रात्रीची एक पाळी घरच्यांनी वाटून घ्यावी, आठवड्याची भरपगारी सुटी द्यावी, ब्युरोने कापलेली रक्कम वगळून तिच्या हातात नेमकं किती पडतं ते विचारावं, आणि निजायला व्हरांड्याऐवजी तिची अशी जागा द्यावी. आपल्या माणसाचा जीव जिच्या जागं राहण्यावर आहे, तिला पुरेशी झोप मिळते की नाही हे पाहणं आपलं काम आहे.