बारवी, तुझ्याकडे यायचंय

प्रिय बारवी धरणास,

पावसाळा मध्यावर आला की कल्याण-डोंबिवलीत एकच विचारणा सुरू होते, बारवी किती भरलं? भरल्याची बातमी आली की लोकांना हायसं वाटतं, पाणीकपातीची धास्ती सरते. तुझी पातळी ७२.६० मीटरला टेकली की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, हेही आम्ही पेपरात वाचलेलं. तुझं पाणी बारवी नदीतून उल्हासला मिळतं, जांभूळ गावाजवळ उचललं जातं, शुद्ध होतं आणि जलवाहिन्यांतून अंबरनाथ, डोंबिवली, ठाण्यापर्यंत येतं. एवढं पाणी पिऊनही आमच्यातल्या बहुतेकांनी तुला पाहिलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पावसाळ्यात धरणं आणि धबधब्यांवर जायला जिल्हा प्रशासन मनाई करतं. त्या मनाईच्या मी बाजूने आहे. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या डोहांत, नदीच्या पात्रात तरणी पोरं गेल्याच्या बातम्या वाचून पोटात गोळा येतो. पण नुसत्या मनाईने भागत नाही. रविवारी माणसं आडवाटेने शिरतातच, आणि आडवाटेलाच कठडा नसतो, दोर नसतो, शिट्टी फुंकणारं कुणी नसतं. तुझ्या अंगाखांद्यावर नको, पण पात्रापासून दूर, उंचावर एक पक्का सज्जा असावा. तिथे मोजकी माणसं सोडावीत आणि दरवाजे कसे चालतात हे सांगणारं कुणी असावं, एवढं मागणं फार आहे का?

शहरातल्या मुलांना आणखी एक गोष्ट दाखवायची आहे. वलगण! जूनचे पहिले दमदार पाऊस पडले, ओढ्यांना गढूळ लोंढा आला की उल्हासच्या खोऱ्यातले मासे उलट्या धारेने वर निघतात, ओढ्यांत, भातखाचरांत अंडी घालायला. बदलापूरकडच्या एखाद्या बुटक्या बंधाऱ्याशी उभं राहून बघावं. सांडव्यावरून पाण्याचा पातळ पडदा खाली येत असतो. बोटभर मासा त्यात अंग झोकतो, शेवाळल्या काँक्रीटला पोट घासत शेपटी थरथरवत वीतभर चढतो, घसरतो, खालच्या फेसात नाहीसा होतो आणि पुन्हा उसळतो. शेजारी बगळा टपलेला असतो. वर पाग, म्हणजे फेकजाळी, घेऊन माणसं उभी असतात. गाबोळीने भरलेले मासे पिशवीत जातात. आपल्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठीही. ओढ्यातल्या माशाला निदान पहिले चार दिवस तरी वाट मोकळी मिळायला हवी, असं मला वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या वलगणीवर जगलेल्या आदिवासी घरांना यात दोषी धरू नये. हौसेने गाड्या घेऊन येणाऱ्यांनी मात्र हात आवरावा.

अमेरिकेत कोलंबिया नदीवर बॉनव्हिल धरण आहे, १९३८ सालचं. तिथे समुद्रातून परतणाऱ्या सामन माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांचे जलमार्ग बांधले आहेत. बाजूला काचेच्या खिडक्या आहेत. पलीकडून मासे वर चढताना माणसं बघतात आणि त्यांची मोजदादही होते. तुझ्या उंच भिंतीला तशी शिडी लावा, असं मी म्हणणार नाही. आपले मासे वेगळे, आपला पाऊस वेगळा. पण खालच्या ओढ्यांवरच्या, नदीवरच्या बुटक्या बंधाऱ्यांना एका कडेने उताराची, दगडगोट्यांची खडबडीत वाट ठेवता येईल. तेवढ्यानेही माशांना आधार मिळेल, आणि त्याच काठावर मुलांना उभं करता येईल. आज ठाण्या-डोंबिवलीतलं पोर मासा बघतं ते मासळीबाजारातल्या पाटीत.

अजून एक आठवण तुला द्यायला हवी. १९७२ साली तू उभं राहिलंस, मग टप्प्याटप्प्याने तुझी उंची वाढत गेली. २०१९ला वाढीव उंचीपर्यंत पाणी साठलं आणि तोंडली, काचकोलीसारख्या गावपाड्यांची घरं, शेतं पाण्याखाली गेली. विस्थापितांच्या वारसांना नोकऱ्या देण्याचं ठरलं, ते न्याय्यच होतं. पण तुझ्याकडे बघायला येणाऱ्याला ती गावं कुठे होती, हे कोण सांगणार? सज्जा झालाच तर तिथे माहिती सांगायचं काम आधी त्या गावांतल्या मुलामुलींना द्यावं. कुठला ओढा कुठे उतरतो, वलगण कुठून चढते आणि कुठल्या खडकावर पाय घसरतो, हे त्यांच्या घरांत पिढ्यांपासून माहीत आहे. त्यांना त्याचा पगार मिळावा, आणि मनाई उठल्यावर, दिवाळीआधी, शाळांच्या पहिल्या सहली तुझ्याकडेच निघाव्यात.

तुझा,
एक डोंबिवलीकर