तिकीट नाही? चलो नेरूळ!

सप्टेंबर २०२४मध्ये कोल्डप्लेच्या तिकिटासाठी ऑनलाइन रांगेत माझा नंबर काही लाखांत होता. दर २,५०० ते ३५,००० रुपये. ३५,००० म्हणजे माझं घरभाडंच की! तरीही १८ जानेवारी २०२५ला हार्बर लाइन पकडून नेरूळला पोचलेच. डी. वाय. पाटील स्टेडियमच्या बाहेर, फूटपाथवर. माझ्यासारखे बिनतिकीट बरेच होते.

'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' २०२१चा अल्बम. त्याची टूर मार्च २०२२मध्ये कोस्टारिकातून निघाली, ती नेरूळला येईस्तोवर 'मून म्युझिक' हा पुढचा अल्बमही आला होता. टूरचा फंडा भन्नाट. प्रेक्षकांनी उड्या मारायच्या, खालच्या फरशीने वीज बनवायची. आम्ही बाहेर जाम नाचलो, ती वीज मात्र फुकट गेली!

भिंतीपलीकडून ड्रम्स छातीत घुमत होते, शब्द अर्धेच कळत होते. पण 'यलो' सुरू झालं आणि अख्खा फूटपाथ गायला लागला. बेसूर, पण मनापासून.

उघड्यावरच्या स्पीकरला दहाची मर्यादा, त्यामुळे लोकल चुकायची भीती नव्हती. स्टेशनकडे जाताना आतून आलेल्या एकीला विचारलं, ''कसं वाटलं?''

''ऑसम! पण क्रिस मुंगीएवढा दिसला गं.''

''आम्हाला तेवढाही नाही,'' मी म्हटलं. मग पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये दोघी दारातच उभ्या राहिलो.