शब्द शोधला, बैठक हुकली

मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात बारा वर्षं काढल्यावर पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीतलं काहीही आपण पाच मिनिटांत काढतो, असा मला माज आला होता. त्या दुपारी मेडिसिनचा एक रेसिडेंट घाईघाईने आला. थिसिसची सिनॉप्सिस चार दिवसांत द्यायची होती. "मॅडम, सेप्सिसच्या व्याख्येवर तज्ज्ञांचं कन्सेन्सस स्टेटमेंट हवंय." मी म्हटलं, "चहा पिऊन ये, तोवर काढून ठेवते."

आधी सगळे शब्द नुसतेच टाकले. न संपणारी यादी आली. मग 'कन्सेन्सस स्टेटमेंट' अवतरणचिन्हांत घालून फक्त शीर्षकांत शोधलं. यादी आटोपशीर झाली, पण हवं ते त्यात नव्हतं. 'स्टेटमेंट'च्या जागी 'कॉन्फरन्स' घातलं आणि 'चेस्ट' या नियतकालिकातला १९९२चा लेख सापडला. दोन मोठ्या अमेरिकन संघटनांच्या परिषदेतून आलेला, चिक्कार उद्धृत झालेला. साल दिसत होतं, पण खटकलं नाही. एवढा गाजलेला लेख म्हणजे तोच चालू असणार, असं मीच ठरवून टाकलं. प्रिंट काढून व्याख्येवर पिवळा हायलाइटरही फिरवला.

आठवड्याने तो पडलेल्या चेहऱ्याने आला. "मॅडम, सरांनी सिनॉप्सिस परत पाठवली. म्हणाले, ही व्याख्या मी विद्यार्थी असतानाची आहे."

खरंच होतं. तापमान, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी या चारपैकी किमान दोन निकष बिघडलेले आणि सोबत संसर्ग, म्हणजे सेप्सिस, हा १९९२चा हिशेब. २०१६ साली 'जामा' या नियतकालिकात आलेल्या व्याख्येने तो मोडीत काढला. आता संसर्गाला शरीर चुकीचा प्रतिसाद देतं आणि त्यातून जिवावर बेतेल इतका अवयवांचा बिघाड होतो, त्याला सेप्सिस म्हणायचं. तो बिघाड मोजायचा अवयवांच्या कामाला गुण देणाऱ्या सोफा स्कोअरमधल्या किमान २ गुणांच्या वाढीवर. पोराने रुग्ण निवडायचे निकषच जुन्या व्याख्येवर बेतले होते.

त्या संध्याकाळी मी सेप्सिसच्या व्याख्येवरच्या तिन्ही लेखांची शीर्षकं शेजारी शेजारी मांडली. १९९२च्या शीर्षकात 'कन्सेन्सस कॉन्फरन्स' आहे. २००१च्या बैठकीचा अहवाल २००३मध्ये आला. त्याच्या शीर्षकात 'डेफिनिशन्स कॉन्फरन्स' आहे, 'कन्सेन्सस' हा शब्दच नाही. २०१६च्या शीर्षकात 'कन्सेन्सस डेफिनिशन्स'. मी घट्ट धरून बसलेलं 'कन्सेन्सस स्टेटमेंट' तिन्हींत कुठेच नाही. अवतरणचिन्हांनी पबमेडला मीच झापडं लावली होती.

ही काही पहिली चूक नव्हती. सुरुवातीच्या काळात 'डेल्फी कन्सेन्सस' असं शीर्षक दिसलं की मला वाटायचं, दिल्लीचं स्पेलिंग चुकलंय. मतं गुप्तपणे, फेऱ्याफेऱ्यांनी घेत एकमताकडे जाण्याची ती पद्धत आहे, १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या रँड संस्थेत घडलेली, हे एका भूलतज्ज्ञ मॅडमनी हसू आवरत सांगितलं. लेखाच्या प्रकाराचा फिल्टर लावला की काम झालं, असंही वर्षानुवर्षं मानत होते. पण प्रकाराचा तो शिक्का लेखाची नोंद करताना मागाहून बसतो. अगदी ताज्या लेखांवर तो नसूही शकतो.

आता 'कन्सेन्सस'बरोबर 'पोझिशन', 'गाइडलाइन', 'रेकमेंडेशन्स', 'डेल्फी', 'टास्क फोर्स' हे सगळे शब्द 'ऑर'ने जोडते. जुना लेख सापडला की त्याचा आधार पुढे कोणी घेतला, ती यादी नव्याकडून जुन्याकडे चाळते. त्या दिवशी एवढं जरी केलं असतं, तरी २०१६चा लेख समोर आला असता.

पण शब्दांच्याही आधीचा प्रश्न वेगळाच असतो: या विषयावर कोणत्या संघटना एकत्र बसल्या, आणि त्यानंतर पुन्हा बसल्या का? त्याचं उत्तर माझ्यापेक्षा समोरच्या डॉक्टरला जास्त ठाऊक असतं. म्हणून हल्ली कोणालाही चहाला पाठवत नाही. शेजारी खुर्ची ओढते आणि म्हणते, "बस. आपण दोघं मिळून शोधू."